कलिंगडाचा काय दोष?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची, कऱ्हाडजवळ एका शाळेत क्लार्क आहे. आठ महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात, मनगटं सुजली. रक्त तपासलं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले. डॉक्टरांनी रुमेटॉइड संधिवात सांगितला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, शिवाय फॉलिक ॲसिड आणि रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. सूज पुष्कळ उतरली.

घरात मात्र प्रत्येकाचं मत वेगळं. धाकटे दीर म्हणतात, डाळीनं वात वाढतो, डाळी बंद करा. दोन महिने मी तूर, हरभरा, शेंगदाणे सगळं सोडलंय. वजन ५६ वरून ५१ वर आलं. मुलगा बी.फार्मला आहे, जिमला जातो. प्रतिकारशक्तीच्या पेशी अमिनो आम्लांवर चालतात असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि ग्लुटामीन व आर्जिनीनचे दोन मोठे डबे आणून ठेवले. त्यावर 'इम्युनिटी सपोर्ट' असं लिहिलंय. नणंदेची मुलगी म्हणते, अँटी-सीसीपी म्हणजे सिट्रुलीनच्या विरुद्धची अँटीबॉडी आणि सिट्रुलीन कलिंगडात असतं, तेव्हा मामी, कलिंगड बंद. त्यात मेडिकलवाला म्हणाला, ही तर कॅन्सरची गोळी. डॉक्टरांकडे इतकी गर्दी असते की हे सगळं विचारायचा धीर होत नाही. मी कोणाचं ऐकू? आणि या दिवाळीला चकलीचा सोऱ्या फिरवता येईल का, तेही सांगा.

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना आधी हसू आलं आणि मग वजनाच्या ओळीपाशी थबकले. त्या पाच किलोंकडे येतेच. आधी कलिंगड घेऊ, कारण घरातल्या सगळ्या मतांत हुशारीचं मत भाचीचं आहे आणि सगळ्यांत चुकलेलंही तिचंच.

एक सांगून ठेवते. मी सांध्यांची डॉक्टर नाही. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे तुमच्या गोळ्यांच्या डोसाला मी हात लावणार नाही. अमिनो आम्लांचं नाव घेऊन कोणी डबे खपवत असेल तर मात्र मला गप्प बसवत नाही.

सिट्रुलीन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरूनच पडलं, सिट्रुलस. १९१४ मध्ये जपानमध्ये ते कलिंगडाच्या रसातून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. अँटी-सीसीपीतला दुसरा 'सी'ही सिट्रुलीनचाच. इथपर्यंत भाचीला पैकीच्या पैकी मार्क. आता पुढचं बघा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती ओवायला पेशीकडे ठरलेले २० प्रकारचे मणी असतात आणि सिट्रुलीन त्या विसांत नाही. (क्वचित लागणारा एकविसावा मणी आहे, पण तोही सिट्रुलीन नव्हे.) म्हणजे तुम्ही अख्खं कलिंगड एकटीनं संपवलंत तरी त्यातलं सिट्रुलीन तुमच्या कुठल्याही प्रथिनात ओवलं जाऊच शकत नाही. ते रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि तिथं त्याचं आर्जिनीन होतं, बस.

रिपोर्टातलं सिट्रुलीन दुसऱ्याच वाटेनं येतं. माळ ओवून पूर्ण झाल्यावर तिच्यात आधीच बसलेल्या आर्जिनीनच्या मण्यावर पॅड नावाचं एन्झाइम काम करतं आणि जागच्या जागी त्याचं सिट्रुलीन करून टाकतं. मण्यावरचा विद्युतभार जातो, माळेची घडी बदलते. असा बदल सगळ्यांच्याच शरीरात होत असतो, दाह असेल तिथं जास्त. पण काही जणांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या माळेला परकी समजते आणि तिच्यावर अँटीबॉडी सोडते. पुष्कळदा बोटं दुखायच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्या रक्तात असतात.

मग हे सुरू कुठं होतं? सध्या संशय आहे तो फुप्फुसांवर आणि हिरड्यांवर. धूम्रपान हे या आजाराचं बाहेरून येणारं सगळ्यांत पक्कं कारण. स्वीडनमधल्या अभ्यासांत दिसलं की एका विशिष्ट प्रकारचं एचएलए जनुक (आपलं-परकं ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणारं) आणि सिगारेट एकत्र आले की अँटी-सीसीपीवाल्या संधिवाताचा धोका कैक पटींनी वाढतो. हिरड्या सडवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जिवाणू तर आर्जिनीनचं सिट्रुलीन करणारं स्वतःचं एन्झाइम बाळगून असतो. तेव्हा भाचीला सांगा, पाळत ठेवायचीच तर मामाच्या सिगारेटवर ठेव, मामा ओढत असतील तर. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर तीही बंद व्हायला हवी. ती हिरड्या खराब करते आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देते, एवढं कारण पुरे. तुम्ही स्वतः एकदा दंतवैद्याला हिरड्या दाखवून या. कलिंगड मात्र उन्हाळ्यात खुशाल खा.

आता मुलगा. त्यानं वाचलं ते खरं आहे. माझ्या शिकवण्याच्या सुरुवातीच्या काळात अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा, एवढंच आम्ही मुलांना सांगायचो. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांचा उपयोग निर्णय घ्यायला करतात, हे गेल्या तीसेक वर्षांत उलगडत गेलं. मला विचाराल तर जीवरसायनशास्त्रातला तो सगळ्यांत रंगतदार भाग आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलालाही वाचायला द्या.

तुमच्या रक्तात फिरणारी टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी, एरवी निवांत असते. शत्रू दिसला, किंवा तुमच्या बाबतीत शत्रू दिसल्याचा भास झाला, की ती जागी होते, फुगते आणि दुभंगायला लागते. जोर धरला की दिवसात दोनदा-तीनदा. एवढ्या नव्या पेशी उभ्या करायच्या तर माल हवा, म्हणून ती आपल्या आवरणावर अमिनो आम्लं आत घेणारी जादा दारं बसवते. त्यातल्या एका दाराचं नाव लॅट-१, त्यातून ल्युसीन हे अमिनो आम्ल आत येतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २०१३ मध्ये हे दारच नसलेल्या टी-पेशींचे उंदीर तयार केले. त्यांच्या टी-पेशींना शत्रू दिसला तरी त्या वाढेनात. बाहेर ल्युसीन भरपूर होतं, दार नव्हतं, एवढंच. आत माल किती आहे हे मोजणारी एक कळ पेशीत असते, एमटॉर. माल पुरेसा आहे असं तिला वाटलं तरच पेशी पुढं सरकते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देतात ते रॅपामायसीन हीच कळ दाबून धरतं.

म्हणजे दार कधी बसवायचं, किती बसवायचं, हे पेशी ठरवते. रक्तातल्या अमिनो आम्लांची पातळी यकृत, आतडी आणि स्नायू मिळून बऱ्यापैकी स्थिर ठेवतात. चमचाभर भुकटीनं ती तास-दोन तास हलते आणि पुन्हा जागेवर येते.

आर्जिनीनचं प्रकरण याहून गमतीचं आहे. तुम्ही कऱ्हाडच्या, तुम्हाला गुऱ्हाळ काय सांगायचं. रस एकच. काहील लवकर उतरवली तर काकवी, पुढं नेली तर गूळ, आणि उतरवायची कधी हे गुळव्याच्या डोळ्याला कळतं. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीत आर्जिनीनचं असंच होतं. तिनं एक एन्झाइम चालू केलं तर आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, ते जंतू मारतं आणि आजूबाजूला दाह पेटवतं. दुसरं एन्झाइम, आर्जिनेज, चालू केलं तर त्याच आर्जिनीनचं ऑर्निथीन होतं आणि जखम भरायच्या कामाला लागतं. उंदरांच्या पेशींत ही दोन टोकं अगदी स्वच्छ दिसतात, माणसांत चित्र बरंच सरमिसळ आहे. पण मुद्दा तोच राहतो. गुऱ्हाळाच्या अंगणात उसाच्या आणखी दहा मोळ्या आणून टाकल्या म्हणून काकवीचा गूळ होत नाही.

शिवाय आर्जिनेज जिथं जोरात चालतं तिथलं आर्जिनीन संपतं आणि शेजारच्या टी-पेशी उपाशी पडून गप्प बसतात. म्हणजे एकाच आम्लाच्या टंचाईनं एक पेशी शांत होते, मुबलकतेनं दुसरी पेटू शकते, आणि तिसरी त्यातून जखम भरून काढते. मुलाला विचारा, तुझा आर्जिनीनचा डबा यांतल्या नेमक्या कोणाला खायला घालणार? 'निरुपद्रवी आहे, घेऊन बघायला काय हरकत' असं तो म्हणेल. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ जणांवर आर्जिनीनची चाचणी झाली होती, निष्कर्ष २००६ मध्ये आले. रक्तवाहिन्या मऊ होतील ही आशा होती. आर्जिनीन घेणाऱ्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. सहाच्या आकड्यावरून आर्जिनीन विष आहे असं कोणी म्हणू नये. पण निरुपद्रवी हा शब्दही मग जपून वापरावा.

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची गोष्ट मी वर्गात नेहमी शेवटच्या तासाला ठेवायचे. रुमेटॉइड संधिवाताच्या बऱ्याच बायकांचं दुखणं गरोदरपणात आपोआप कमी होतं आणि बाळंतपणानंतर परत येतं. फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या दशकात हे बारकाईनं नोंदवलं. गरोदरपणात आणि काविळीत सांधे शांत करणारा असा कोणता पदार्थ शरीरात असेल, याच्या मागे लागता लागता ते कॉर्टिझोन या स्टेरॉइडपर्यंत पोचले आणि १९५० च्या नोबेलचे वाटेकरी झाले. पण गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका, तरी आईच्या टी-पेशी त्याला का फेकून देत नाहीत, हा प्रश्न तसाच राहिला होता. १९९८ मध्ये डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर या संशोधकांच्या जोडीनं उंदरांत दाखवलं की वारेतल्या पेशी आयडीओ नावाचं एन्झाइम वापरून आजूबाजूचं ट्रिप्टोफॅन तोडतात. ट्रिप्टोफॅन नाही म्हटल्यावर आईच्या टी-पेशी थबकतात. औषध देऊन आयडीओ अडवलं, तर वेगळ्या वंशाच्या नराचे गर्भ टिकले नाहीत. तोडलेल्या ट्रिप्टोफॅनचा जो तुकडा उरतो, कायन्युरेनीन, तोही टी-पेशींना 'ट्रेग', म्हणजे इतरांना आवरणाऱ्या टी-पेशी, होण्याकडे ढकलतो. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पेशीत शिरला की शरीर याच एन्झाइमनं त्याची उपासमार करतं. बाळाला वाचवायला आणि जंतूला मारायला तेच एक हत्यार. केवढी काटकसर!

मग ट्रिप्टोफॅन वाढवावं की घटवावं? औषध कंपन्यांनीही हा प्रश्न विचारला. कॅन्सरच्या गाठी याच आयडीओच्या आड लपतात, म्हणून ते अडवणारी गोळी इम्युनोथेरपीच्या जोडीला दिली. २०१८ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत तिचा काहीही फायदा दिसला नाही. नेमकं एन्झाइम, नेमकी गोळी, निवडलेले रुग्ण, तरीही ही गत. जिमच्या दुकानातल्या डब्यानं ते साधेल अशी आशा मी तरी धरत नाही.

ग्लुटामीनकडे वळते, कारण तो डबा महागातला असणार. पांढऱ्या पेशी ग्लुटामीन भराभर फस्त करतात हे ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांनी १९८० च्या दशकात दाखवलं आणि तिथूनच 'ग्लुटामीन म्हणजे इम्युनिटी' ही जाहिरात जन्मली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचं ग्लुटामीन खाली जातं, तेव्हा ते भरून दिलं तर जीव वाचतील, असं डॉक्टरांनाही वाटलं. तर्क किती सरळ! २०१३ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० अतिदक्षता विभागांतल्या १,२२३ रुग्णांवरच्या चाचणीचे आकडे आले. ग्लुटामीन मिळालेल्यांत २८ दिवसांत ३२.४ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत २७.२ टक्के. सहा महिन्यांनंतरचा हिशेबही ग्लुटामीनच्या विरुद्धच गेला. ते रुग्ण अत्यवस्थ होते, तुम्ही नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होत नाहीत. कमी झालंय ते भरून दिलं की बरं वाटणार, हा हिशेब शरीर नेहमी मान्य करत नाही, एवढ्यासाठी ते सांगितले.

ग्लुटामीन खरंच औषध म्हणून मान्य झालंय ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी, अमेरिकेत २०१७ मध्ये. गडचिरोली-नंदुरबारकडच्या वाचकांना तो आजार माहीत आहे. तिथं ते लाल पेशींचा ताण कमी करायला देतात, ठरलेल्या मापात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुमच्या आजारात मात्र सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी आणि दाह पेटवणाऱ्या टीएच-१७ जातीच्या टी-पेशी ग्लुटामीन तोडणारं एन्झाइम जास्तच चालवतात. संशोधक ते एन्झाइम अडवता येईल का हे शोधताहेत. आणि तुमच्या घरात त्याचं इंधन डब्यानं आलंय! तोंडावाटे घेतलेलं बरंचसं ग्लुटामीन आतड्याच्या पेशी आणि यकृतच संपवतात, म्हणून चमच्यानं सांधे पेटतील असंही मी म्हणणार नाही. पण 'इम्युनिटी सपोर्ट'? तुमच्याकडे इम्युनिटी उतू चाललीय, तीच तर तक्रार आहे.

तुमच्याच आजारावरचं एक ताजं काम सांगून हा विषय आवरते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं रुमेटॉइडच्या रुग्णांच्या टी-पेशी तपासल्या. त्या पेशींतली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं, ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल पुरेसं बनवत नव्हती. त्याच्या अभावी पेशीतला प्रथिनं तयार करायचा कारखाना अवास्तव वाढला होता आणि टीएनएफ हे दाह पेटवणारं रसायन भराभर बाहेर पडत होतं. टीएनएफ म्हणजे तेच, ज्याला अडवायला महागडी बायॉलॉजिक इंजेक्शनं देतात. निरोगी मायटोकाँड्रिया त्या पेशींत सोडल्यावर हे उत्पादन आटोक्यात आलं. तर मग ॲस्पार्टेटचा डबा आणू का, असं मुलगा विचारण्याआधीच सांगते, ॲस्पार्टेट रक्तातून पेशीत सहजासहजी शिरत नाही. बिघाड वीजघरात आहे, कोठारात माल आणून टाकून तो दुरुस्त व्हायचा नाही.

आता दिरांची डाळ. इथं मला रागवावंसं वाटतंय, दिरांवर कमी आणि तुमच्यावर जास्त. दोन महिन्यांत पाच किलो! दाहाचा आजार आधीच स्नायू खातो. टीएनएफसारखी रसायनं स्नायूंतली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं रक्तात सोडतात आणि ती यकृत व प्रतिकारशक्तीच्या कामी लागतात. रुमेटॉइडच्या रुग्णांत वजनाचा काटा जागेवर असतानाही स्नायू अनेकदा घटलेले असतात. तुम्ही वरून प्रथिनं बंद केलीत, तेव्हा पेशींनी त्यांचा वाटा मांड्यांतून आणि दंडांतून काढून घेतला. दाह उपाशी राहिलाच नाही, उपाशी राहिलात तुम्ही. आणि हे वजन फक्त डाळीमुळं उतरलं असं मी गृहीत धरणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा. तारीख लांब असेल तर मध्येच जाऊन सांगा.

दिरांच्या मनात बहुधा गाऊट असावा, युरिक ॲसिडचा संधिवात. आपण दोन्हींना वातच म्हणतो, त्यामुळं गल्लत होते. तो आजार वेगळा, आणि तिथंही डाळींवर जेवढा आळ घेतात तेवढा पुरावा नाही. खरा दोष दारू, मटण आणि कलेजीसारख्या गोष्टींकडे जास्त जातो. तुमच्यासाठी आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, माप धरू, किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. ५६ किलोंना ४६ ग्रॅमच्या आसपास, आणि गमावलेलं परत भरायचंय म्हणून डॉक्टर थोडं जास्तही सांगतील. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, कपभर दुधात सहा-सात. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्यातून मिळतं. भाकरीबरोबर आमटी खाणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. एखादी डाळ खाऊन पोट फुगत असेल तर ती सोडा, मूग घ्या, भिजवून शिजवा. सांध्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

ताटाचा प्रतिकारशक्तीशी किंवा अमिनो आम्लांशी काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणत नाही. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (नायसीन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) का होतो, याचा शोध घेतला. ज्वारीतलं जादा ल्युसीन ट्रिप्टोफॅनपासून नायसीन बनायच्या वाटेत येतं, असं त्यांनी मांडलं. पुढं त्यावर वादही झाले. पण ती माणसं वर्षानुवर्षं एकाच धान्यावर होती, भाजी नाही, डाळ नाही, दूध नाही. म्हणजे ताट पेशींना जाणवतं ते असं आकुंचन पावल्यावर. तुम्ही डाळी सोडून नेमकं तेच चालवलं होतंत.

मेडिकलवाल्यानं 'कॅन्सरची गोळी' म्हणून जे सांगितलं ते अर्धं आहे, आणि त्यातला मुंबईचा भाग त्याला ठाऊक नसणार. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगारांतल्या गरोदर बायकांच्या जीवघेण्या पांडुरोगावर काम केलं. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर त्या बायका सुधारल्या. अर्कातला तो अनोळखी घटक म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फोलेट. तेच तुमच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीत आहे. नंतर भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या गटानं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याची तोतया रूपंही बनवली. त्यांतल्या ॲमिनॉप्टेरिननं १९४८ मध्ये ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, मुलं काही काळ तरी बरी झाली. १९५१ मध्ये तेच औषध संधिवातावर वापरून पाहिलं गेलं, आणि त्याचं धाकटं भावंड म्हणजे तुमची मेथोट्रेक्झेट.

फोलेट करतं काय? सेरीन या अमिनो आम्लाकडून कार्बनचा एक-एक तुकडा उचलून डीएनएच्या कामावर पोचवतं. दुभंगणाऱ्या टी-पेशीला याची प्रचंड गरज असते. कॅन्सरमध्ये हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाणारा डोस देऊन ही वाहतूक ठप्प करतात. तुम्हाला आठवड्याला फार तर २५ मिलिग्रॅम मिळतं. त्यानं वाहतूक थोडी मंदावते, आणि ॲडिनोसीन नावाचं दाह शमवणारं रसायन पेशींबाहेर साचतं. तुमच्या सांध्यांचा उतार बहुतेक त्यामुळंच आहे. मुलाला अमिनो आम्लांच्या चयापचयातून प्रतिकारशक्तीला वळण लावायचं होतं ना? ते औषध तुम्ही गेले काही महिने घेताय.

त्या गोळीचे नियम मात्र कडक पाळा. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, गोळ्यांचं पाकीट मुलाच्या ताब्यात राहू द्या, बी.फार्मचा काहीतरी उपयोग होऊ दे. लघवीच्या जळजळीला किंवा खोकल्याला कोणी कोट्रायमोक्साझोल नावाची सल्फाची गोळी द्यायला लागलं, तर आधी मेथोट्रेक्झेट चालू आहे असं सांगा. तीही फोलेटचीच वाट अडवते आणि दोन्ही मिळून अस्थिमज्जा बंद पाडू शकतात. ताप, तोंडात फोड किंवा धाप असं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रक्तगणना, यकृत आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या चुकवू नका, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी डोळे दाखवा. हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या तरुण मुलीची हीच गोळी चालू असेल आणि तिला मूल हवं असेल, तर तिनं आधी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यावी. आणि बाजारात बिननावाच्या 'संधिवाताच्या पुड्या' मिळतात, त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दिरांनी उद्या तीही आणली तर घेऊ नका.

डॉक्टरांकडे गर्दी असते हे खरं, पण ती सगळीकडेच असते. चिठ्ठीवर तीनच ओळी लिहून न्या: वजन पाच किलो उतरलंय, ही भुकटी घेतलेली नाही आणि घेणार नाही, बोटांचे व्यायाम कोण शिकवेल. चिठ्ठी टेबलावर ठेवली की डॉक्टर वाचतात, माझा अनुभव आहे. डबे सीलबंद असतील तर दुकानदाराला परत करता येतात का बघा. फोडले असतील तर मुलानं स्वतःच संपवावेत. त्याची मूत्रपिंडं तरुण आहेत आणि पैसे त्यानंच घातलेत.

राहिला सोऱ्या. सांधे शांत असले तरी मनगटावर पीळ पडेल असं काम अजून सहा महिने तरी टाळा. जुना दांडीचा पितळी सोऱ्या तर मुळीच नको. भाजणी तुम्ही भाजा, उकड तुम्ही काढा, तेलाचा अंदाज तुमचाच चालू दे. पीळ द्यायला यंदा मुलाला बसवा. जिममध्ये कमावलेले दंड आहेत, चार किलोंच्या चकल्या आरामात होतील.